अंतिम_खरंच_अंतिम

कार्डलाच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या मागे
एक खोली आहे: हीटर, दोन खुर्च्या,
मीठ चढलेली काच
आणि एन्डेलचा संगणक.

बावीस वर्षं बेटावरच्या बोटींचं वेळापत्रक
या एका डब्यातून निघत आलं.
कुठल्या बोटीत किती गाड्या, वाऱ्याला किती सूट,
दुधाचा टँकर आधी की रुग्णवाहिका,
सगळं एन्डेलनं एकट्यानं लिहिलं
आणि जपलं, आपल्या पद्धतीनं:

वेळापत्रक
वेळापत्रक_नवं
वेळापत्रक_नवं_जुनं
अंतिम
अंतिम_२
अंतिम_खरंच_अंतिम
याला_हात_लावू_नका

सात भावंडं, एका तोंडवळ्याची.
चालू प्रोग्रॅम यातल्या कुणाच्या पोटचा
हे कुठंच लिहिलेलं नाही.

मी एडिटर उघडला. त्यानं डावीकडे सगळं मांडलं
आणि अदबीनं विचारलं,
या फाइल्स आवृत्तींच्या नोंदीत घ्यायच्या का?
सगळी नावं तांबडी.
तांबडी म्हणजे चुकलेली नव्हेत,
अजून कुणाच्या खिजगणतीत नाहीत, एवढंच.

मी तालिनच्या इस्पितळात फोन लावला.
मुलीनं, मालेनं, तो त्याच्या कानाशी धरला.
झटक्यानंतर शब्द सापडतात त्याला,
पण भलत्याच खणात.
"एन्डेल, मी ट्रीनू. खरा फोल्डर कुठला?"
बराच वेळ नुसता श्वास.
"ज्यात बर्फ आहे तो."
माले म्हणाली, बाबा दमलेत, नंतर कर.

बर्फ.
मी बाहेर पाहिलं. धक्का ओला, काळा.
मग उमजलं, आणि शोधाच्या चौकटीत
तोच शब्द टाकला.

सहांत काही नाही.
नवं_जुनं, जो मी पहिल्यांदा उडवला असता,
त्यात ओळ अकराशे चौऱ्याऐंशी:

// समुद्र गोठला की बोटी थांबतात, लोक थांबत नाहीत.
// बर्फावरचा रस्ता उगडला तर खालची ओळ जागी कर.
// आठ हिवाळे गरज पडली नाही. तरी पुसू नको.

खरंच, "उगडला" असंच.

उजवी क्लिक. घ्या.
नावं एकेक करून हिरवी झाली.
मशीननं स्वतःच पाडलेला चुरा मी बाहेर ठेवला
आणि पासवर्ड नावाची फाइलही,
जिच्यात मालेचं नाव आहे आणि तिचं जन्मसाल.
ती आत जाता कामा नये.
आज घेतली आणि उद्या काढली
तरी कालच्या पानावर ती तशीच बसून राहते.
या वहीला विसरता येत नाही,
एन्डेल, तुझ्या नेमकं उलट.

मग रिकामी चौकट: काय केलंत ते लिहा.
मी काय केलं?
"पहिली नोंद" लिहिलं. पुसलं.
पहिली कसली, बावीस वर्षांनंतर.
"एन्डेलच्या संगणकावर होतं तसं", असं लिहिलं.

खाली लेखक म्हणून माझंच नाव चढलं होतं:
ट्रीनू वाहेर, अकरा हजार ओळी.
मी आले मागच्या मंगळवारी.
घर बांधणारा एक, पाटी दुसऱ्याची,
हे मला पचेना. शोधलं तेव्हा कळलं,
चालतं: लिहिणारा वेगळा, नोंदवणारी वेगळी.
त्याचं पूर्ण नाव टंकलं. कमिट.

रंग उतरले. सगळी नावं साधी, काळी,
जणू कायमची इथंच होती.
सात दहाची बोट सुटली, सात बाराला.

दुसरी नोंद माझी: "उगडला" चं "उघडला".
चहा घेऊन आले, पुन्हा वाचलं,
आणि वाटलं, राहू दे त्याचं.
तिसरी नोंद: मागची परत घेतली.

आता वहीत हेही आहे,
माझं सुधारणं,
आणि त्यानंतर चौदा मिनिटांनी
माझं मुकाट्यानं मागे येणं.